एका घरातल्या दोन तारखा

नागपूरमध्ये जन्मलेले दोन अभियंते अमेरिकेतील एकाच कंपनीत, एकाच पदावर काम करत असतील आणि दोघांच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया एकाच दिवशी सुरू झाली असेल, तर दोघांना ते कार्डही साधारण एकाच सुमारास मिळेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांपैकी एकाची पत्नी पुण्यात जन्मलेली असेल आणि दुसऱ्याची पत्नी, तिचे आईवडील नोकरीनिमित्त आखातात असताना, मस्कतमध्ये जन्मलेली असेल, तर दुसऱ्या दांपत्याचे काम काही वर्षांत उरकू शकते आणि पहिल्या दांपत्याला दशके थांबावे लागू शकते. दोघींचे पासपोर्ट भारतीयच असतात आणि दोघींची मातृभाषाही एकच असू शकते. तरीही एकीचा अमेरिकेतील मुक्काम लवकर पक्का होतो, तर दुसरीला दर दोन-तीन वर्षांनी नव्या कागदाची वाट पाहावी लागते.

या कोड्याचे उत्तर शोधताना केवळ एका नियमापाशी थांबता येत नाही. जोडीदाराच्या मुक्कामाची काळजी हा बाहेरून पाहणाऱ्याला स्वभावाचा भाग वाटतो, आणि ‘सगळे कायदेशीर असताना एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ असा सल्लाही सहज दिला जातो. परंतु अमेरिकेच्या व्यवस्थेत एकाच घरातील पती आणि पत्नी यांच्या कागदांवरील तारखा वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या नियमांनी ठरतात आणि त्या एकमेकींशी जुळतीलच याची जबाबदारी त्यांपैकी कोणत्याही कार्यालयावर नसते. काळजीचे मूळ बव्हंशी या न जुळणाऱ्या तारखांत आहे.

शिक्का आणि मुक्काम

पहिला घोटाळा पासपोर्टवरील व्हिसापासूनच सुरू होतो. पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला व्हिसा, ज्याला बोलताना सर्रास ‘स्टँप’ म्हटले जाते, तो केवळ अमेरिकेच्या दारापर्यंत जाऊन आत येण्याची परवानगी मागण्याचा अधिकार देतो. आत किती दिवस राहता येईल, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद ‘आय-९४’ नावाच्या स्वतंत्र अभिलेखात होते. ही नोंद आता कागदी चिठ्ठीवर होत नाही. ती संगणकावर राहते आणि प्रवाशाने ती संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यायची असते. कायद्याच्या दृष्टीने त्या व्यक्तीचा दर्जा, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ‘स्टेटस’, आय-९४वरील तारखेपर्यंत असतो. व्हिसाच्या तारखेचा त्याच्याशी थेट संबंध नसतो. म्हणून व्हिसाची मुदत संपलेली व्यक्ती देशात पूर्णपणे कायदेशीर असू शकते, आणि व्हिसा वर्षभर शिल्लक असलेली व्यक्ती बेकायदा ठरू शकते.

हा दुसरा प्रकार घरोघरी घडतो तो असा. पतीच्या नोकरीची मंजुरी तीन वर्षांची असते, पत्नीच्या व्हिसावरही तीच तारीख छापलेली असते. परंतु तिचा पासपोर्ट त्याआधी दीड वर्षाने संपणार असतो. अशा वेळी विमानतळावरील अधिकारी तिच्या आय-९४वर बहुधा पासपोर्ट संपण्याची तारीख घालतो. पुढे वकिलातीत जाऊन ती पासपोर्टचे नूतनीकरण करून घेते आणि काम झाले असे समजते, पण नव्या पासपोर्टमुळे जुनी आय-९४ आपोआप वाढत नाही. तारीख उलटून गेल्यावर, बहुधा दुसऱ्याच एखाद्या अर्जाच्या निमित्ताने, ही गोष्ट लक्षात येते. दरम्यान जे दिवस गेले ते ‘अनधिकृत वास्तव्य’ म्हणून मोजले जातात. १९९६च्या कायद्यानुसार असे वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडणाऱ्याला तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक झाल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळू शकत नाही. एवढी कठोर शिक्षा असलेल्या चुकीची सुरुवात पासपोर्टच्या मुदतीसारख्या किरकोळ वाटणाऱ्या बाबीत होते, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्यच म्हटले पाहिजे.

दुसऱ्याच्या आधाराने टिकणारा दर्जा

विशेष कौशल्याच्या नोकरीसाठी येणाऱ्याला ‘एच-१बी’ हा दर्जा मिळतो. त्याच्या किंवा तिच्या जोडीदाराला आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांना ‘एच-४’ हा आश्रित दर्जा मिळतो. आश्रित या शब्दाचा कायद्यातील अर्थ अगदी नेमका आहे: मूळ दर्जा आहे तोवर हा दर्जा आहे, मूळ दर्जा संपला की हाही संपला. मात्र उलट बाजूने पाहिले, तर मूळ दर्जा वाढला म्हणून आश्रित दर्जा आपोआप वाढत नाही. नोकरी देणारी कंपनी आपल्या कर्मचाऱ्याच्या मुदतवाढीसाठी ‘आय-१२९’ हा अर्ज भरते. पत्नीसाठी किंवा पतीसाठी ‘आय-५३९’ हा निराळा अर्ज भरावा लागतो, त्याचे शुल्क निराळे असते आणि तो कुटुंबाच्या वतीने भरलेला असतो. कंपनीने वकील दिलेला असला तरी तो कंपनीचा वकील असतो, आणि आश्रितांचे अर्ज कोणी भरायचे याबाबत प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे असते.

त्यातही वेगाचा फरक आहे. कंपनीने जादा शुल्क भरले तर कर्मचाऱ्याच्या अर्जाचा निकाल कामकाजाच्या पंधरा दिवसांत मिळतो. एच-४च्या अर्जासाठी अशी जलद सेवा उपलब्ध नाही. साहजिकच पतीची मुदतवाढ तीन आठवड्यांत हातात पडते आणि पत्नीची अनेक महिने अडकते. २०२३ च्या जानेवारीत एका खटल्यातील तडजोडीनुसार पती-पत्नींचे अर्ज एकत्र आले तर एकत्रच निकालात काढण्याचे सरकारने मान्य केले, आणि त्या काळात अनेक घरांना हायसे वाटले. परंतु ती तडजोड दोन वर्षांपुरती होती आणि जानेवारी २०२५ मध्ये तिची मुदत संपली.

मुदतवाढीचा अर्ज वेळेत दाखल झाला असेल, तर निकाल लागेपर्यंत देशात राहता येते. या मधल्या अवस्थेला ‘अधिकृत वास्तव्याचा काळ’ म्हणतात. त्यात राहणे कायदेशीर असते, पण हातात चालू मुदतीचा दर्जा नसतो. याचा त्रास अगदी साध्या ठिकाणी होतो. अनेक राज्यांत वाहन चालवण्याचा परवाना आय-९४च्या तारखेला बांधलेला असतो, त्यामुळे अर्ज प्रलंबित असलेल्या जोडीदाराला परवाना नव्याने मिळवताना प्रलंबित अर्जाची पावती घेऊन खिडकीवरील कर्मचाऱ्याची समजूत घालावी लागते. जेथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते, तेथे ही बाब घराच्या रोजच्या व्यवहारात थेट शिरते.

काम करण्याचा कागद

२०१५ पर्यंत एच-४वरील जोडीदाराला अमेरिकेत पगारी काम करण्याची मुभाच नव्हती. शिकता येत असे, कमावता येत नसे. त्या वर्षी २६ मे रोजी लागू झालेल्या नियमाने काही जणांना ‘ईएडी’, म्हणजे काम करण्याचा परवाना, देण्यास सुरुवात झाली. अट अशी, की मूळ अर्जदाराच्या ग्रीन कार्डची एक मोठी पायरी, ‘आय-१४०’ नावाचा कंपनीचा अर्ज, मंजूर झालेला असावा किंवा ग्रीन कार्डच्या प्रलंबित प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली असावी. या परवान्याचा लाभ घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक जण भारतात जन्मलेले आहेत, आणि त्यांतही बहुसंख्य स्त्रिया आहेत. पुण्यात किंवा नाशिकमध्ये अभियांत्रिकी, वैद्यकशास्त्र किंवा लेखापरीक्षण शिकून काही वर्षे नोकरी केलेल्या स्त्रीचा व्यवसाय अशा प्रकारे पतीच्या कंपनीने भरलेल्या एका अर्जावर अवलंबून राहतो.

नियम लागू होण्याआधीच त्याच्याविरुद्ध खटला दाखल झाला होता. २०१७ नंतरच्या प्रशासनाने हा नियम रद्द करण्याचा मनोदय आपल्या कार्यक्रमपत्रिकेत वर्षानुवर्षे नोंदवून ठेवला. प्रस्ताव मात्र प्रत्यक्षात कधी प्रसिद्ध केला नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये तो विषय मागे घेतला गेला. खटला पुढे चालत राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले. म्हणजे दहा वर्षांत नियमाचे एक अक्षर बदलले नाही, तरी त्या दहांपैकी एकही वर्ष असे गेले नाही, की ज्यात एखाद्या घरात ‘पुढच्या वर्षी ईएडी राहील का’ हा प्रश्न नव्हता. घर विकत घ्यावे की भाड्याने राहावे, दुसरे मूल कधी व्हावे, असे निर्णय या प्रश्नापाशी अडतात.

नूतनीकरणाची अडचण वेगळी आहे. परवान्याचा अर्ज मुदतीपूर्वी जास्तीत जास्त १८० दिवस आधी करता येतो. निकालाला त्याहून उशीर झाला तर काम थांबू नये म्हणून जुन्या परवान्याची मुदत आपोआप वाढत असे. एच-४च्या बाबतीत ती वाढ आय-९४च्या तारखेपलीकडे जात नसे, हा भाग निराळा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांसाठी ही आपोआप मुदतवाढ बंद करण्यात आली. आता नवा परवाना जुना संपण्यापूर्वी हातात आला नाही, तर त्या दिवसापासून नोकरीवर जाता येत नाही आणि कंपनीने जागा राखून ठेवलीच पाहिजे असे बंधनही नाही.

येथे एक तुलना बोलकी आहे. एकाच कंपनीच्या भारतातील शाखेतून अमेरिकेतील शाखेत बदलीवर येणाऱ्याला ‘एल-१’ दर्जा मिळतो, आणि त्याच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर स्वतंत्र परवान्याशिवाय, केवळ दर्जाच्या बळावर काम करता येते. दोन शेजारणींपैकी एकीला कामासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि दुसरीला लागत नाही, याला त्यांच्या शिक्षणाचे किंवा कौशल्याचे कोणतेही कारण नाही.

रांग का सरकत नाही

हे सर्व तात्पुरते असते आणि चार-पाच वर्षांत ग्रीन कार्ड मिळून संपले असते, तर काळजीही तात्पुरतीच राहिली असती. ती वर्षानुवर्षे टिकते, कारण रांग सरकत नाही. आणि सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर या रांगेच्या रचनेत आहे.

१९६५च्या कायद्याने अमेरिकेने वंश आणि मूळ देश यांवर आधारित जुनी कोटापद्धत मोडीत काढली. १९९०च्या कायद्याने नोकरीच्या आधारे देण्याच्या ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या १,४०,००० ठरवली आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांपैकी साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, अशी मर्यादा घातली. ही मर्यादा देशाच्या लोकसंख्येवर किंवा अर्जदारांच्या संख्येवर अवलंबून नाही. भारताला आणि आइसलँडला ती सारखीच आहे. उच्च पदवीधरांच्या ‘ईबी-२’ या वर्गाला एकूण संख्येतील सुमारे चाळीस हजार जागा मिळतात, आणि त्यांचे सात टक्के म्हणजे भारतासाठी वर्षाला जेमतेम २,८०० जागा. दुसरीकडे एच-१बीसाठी देशनिहाय मर्यादा नाही. दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशा नव्या मंजुऱ्यांपैकी फार मोठा वाटा भारतीयांना मिळतो. आत येण्याचे दार रुंद आणि पुढे जाण्याचे अरुंद अशी ही रचना असल्यामुळे मधल्या जागेत गर्दी साचत जाणे अटळ होते. कॅटो इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०२३ मधील मोजणीनुसार नोकरीच्या आधारे वाट पाहणाऱ्या भारतीयांची संख्या, कुटुंबीय धरून, दहा लाखांहून अधिक होती.

रेल्वेच्या प्रतीक्षा यादीशी परिचय असलेल्याला हे समजणे कठीण नाही. एकाच गाडीच्या प्रतीक्षा याद्या स्थानकांच्या कोट्यांनुसार वेगवेगळ्या असतात, आणि गाडीत जागा रिकाम्या असल्या तरी आपल्या कोट्यातील जागा संपल्या असतील तर तिकीट पक्के होत नाही. ग्रीन कार्डच्या यादीत कोटा ठरतो तो जन्मस्थळावरून. नागरिकत्व किंवा राहण्याचे ठिकाण तेथे विचारात घेतले जात नाही. शिवाय एका पीएनआरवर दोघांची नावे असली तरी जागा दोन लागतात, तसेच येथेही जोडीदार आणि मुले त्याच १,४०,००० मधून मोजली जातात. परिणामी दरवर्षीच्या जागांपैकी निम्म्याहून अधिक जागा प्रत्यक्षात कुटुंबीयांच्या वाट्याला जातात.

परंतु कायद्याने एक सवलत ठेवली आहे. पती-पत्नींची ताटातूट होऊ नये म्हणून, दोघांपैकी कोणाच्याही जन्मदेशाचा कोटा दोघांनाही लावता येतो. मस्कतमध्ये जन्मलेली पत्नी ओमानच्या कोट्यात मोजली जाते, त्या कोट्यात गर्दी नसते, आणि तिच्या जन्मदाखल्याच्या आधारे नागपूरकर पतीही त्याच रांगेत जाऊन उभा राहू शकतो. पुणे आणि नागपूर मात्र एकाच कोट्यात येतात, त्यामुळे पहिल्या दांपत्याला या सवलतीचा काही उपयोग नाही. आखातात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना, आपल्या मुलीच्या जन्माचे गाव पुढे जावयाच्या कागदपत्रांत इतके मोलाचे ठरेल, याची कल्पना येण्याचे कारणच नव्हते. मुलांच्या जन्मदेशाचा मात्र आईवडिलांना असा लाभ मिळत नाही. अमेरिकेत जन्मलेले मूल जन्मतः नागरिक असले तरी ते एकवीस वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही.

रांगेतील आपले स्थान ‘प्रायॉरिटी डेट’ने, म्हणजे प्रक्रिया ज्या दिवशी सुरू झाली त्या तारखेने, ओळखले जाते. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढते. त्यातील तक्त्यात देशांचे स्तंभ आणि वर्गांच्या ओळी असतात आणि प्रत्येक चौकोनात एक तारीख असते. आपली प्रायॉरिटी डेट त्या तारखेच्या आधीची असेल तर आपली पाळी आली, म्हणजे बोलण्यातील भाषेत ‘डेट करंट झाली’. ही तारीख दर महिन्याला पुढे सरकेलच असे नाही. कोविडच्या काळात परदेशांतील वकिलाती बंद राहिल्याने कौटुंबिक वर्गातील न वापरलेल्या जागा नोकरीच्या वर्गाकडे आल्या, आणि २०२२च्या आर्थिक वर्षात या वर्गाला १,४०,००० ऐवजी सुमारे २,८०,००० जागा मिळाल्या. इतर देशांना न लागलेल्या जागा सर्वांत जुन्या अर्जांना द्यायच्या असतात, त्यामुळे भारताच्या ईबी-२ स्तंभातील तारीख सप्टेंबर २०२२ मध्ये १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोहोचली. पुढच्याच महिन्यात ती १ एप्रिल २०१२ वर आणि डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर आली. ज्यांची पाळी आल्यात जमा होती, ती घरे तीन महिन्यांत तीन वर्षांहून अधिक मागे ढकलली गेली. त्यात अर्जदाराची कोणतीही चूक नव्हती आणि सरकारचाही काही विशेष रोष नव्हता. जादा जागा संपल्या, एवढेच.

या सर्व काळात एच-१बीवाल्याला देशात राहता येते ते २००० सालच्या एका कायद्यामुळे. एरवी सहा वर्षांनी संपणारा हा दर्जा, आय-१४० मंजूर असून केवळ कोट्यामुळे कार्ड अडले असेल, तर तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. मूळ अर्जदाराला मिळालेल्या प्रत्येक वाढीमागोमाग जोडीदाराचा अर्ज, जोडीदाराचा परवाना आणि वाहनाचा परवाना हे चक्र पुन्हा फिरते.

साठ दिवस

मूळ अर्जदाराची नोकरी गेली, तर जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस मिळतात. या मुदतीत दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे, दर्जा बदलण्याचा अर्ज केला पाहिजे किंवा देश सोडला पाहिजे. ही मुदत आश्रितांनाही लागू होते. पत्नीची स्वतःची नोकरी चांगली चालू असली तरी तिचा एच-४ पतीच्या एच-१बीवर उभा असल्याने पतीची नोकरी गेल्याचा फटका तिलाही बसतो. २०२२च्या अखेरीपासून माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर माणसे कमी केली, तेव्हा साठ हा आकडा भारतीय घरांत पाठ झाला. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील, तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट टिकते, ही त्याच नियमातील दिलासा देणारी बाजू तुलनेने कमी जणांना माहीत असते.

मृत्यू आणि घटस्फोट या दोन प्रसंगी आश्रित दर्जाचे खरे स्वरूप उघडे पडते. कॅन्सस राज्यातील ओलेथी येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये एका भारतीय अभियंत्याची वंशद्वेषातून गोळ्या झाडून हत्या झाली, तेव्हा त्याच्या पत्नीपुढे दुःखाइतकाच तातडीचा दुसरा प्रश्न उभा राहिला, की अंत्यसंस्कारासाठी भारतात गेल्यावर आपल्याला आपल्या घरी परत येता येईल का. लोकप्रतिनिधीने पाठपुरावा केल्यानंतर तिला परतता आले. घटस्फोटाच्या अंतिम आदेशाबरोबरही एच-४ संपतो. त्यामुळे छळ सोसणारी स्त्री दर्जा जाण्याच्या भीतीने गप्प राहते, हे ओळखून कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात २००५ मध्ये अशा आश्रित जोडीदारांना कामाचा स्वतंत्र परवाना देण्याची तरतूद झाली. तिच्या अंमलबजावणीला २०१७ उजाडले.

मुंबईची फेरी

देशात दर्जा वाढवता येतो, पण पासपोर्टवरील व्हिसा बहुधा परदेशातील वकिलातीतच घ्यावा लागतो. म्हणून आईच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा भावाच्या लग्नासाठी भारतात येणाऱ्याला वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीची वेळ आधी मिळवावी लागते, आणि अधिकाऱ्याने आणखी तपासणीसाठी ‘२२१(जी)’ ही चिठ्ठी हातात दिली, तर परतीचे तिकीट पुढे ढकलून माहेरी किंवा सासरी थांबावे लागते. २०२४च्या सुरुवातीला अमेरिकेतच व्हिसा नव्याने देण्याचा प्रयोग वीस हजार जणांपुरता झाला, तेव्हाही तो एच-१बीधारकांपुरता ठेवला होता. एच-४वरील जोडीदार त्यातून वगळलेले होते. पतीचा शिक्का घरबसल्या आणि पत्नीचा मुंबईत, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली. अनेक घरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे प्रवासच न करणे, आणि त्याची किंमत भारतातील वृद्ध आईवडील मोजतात.

| चौकट: कोणत्या कागदावर कोणती तारीख |
|---|
| व्हिसाचा शिक्का – देशाच्या दारापर्यंत येण्याची मुदत. ती संपल्याने आतील मुक्काम संपत नाही. |
| आय-९४ – मुक्कामाची मुदत. प्रत्येक प्रवासानंतर प्रत्येक सदस्याची स्वतंत्रपणे उतरवून पाहावी. पासपोर्टच्या तारखेने ती आखूड झालेली असू शकते. |
| मंजुरीपत्र – देशात राहून वाढवलेली मुदत. नवी आय-९४ त्याच्याच खालच्या भागात असते. |
| ईएडी – काम करण्याची मुदत. मुक्कामाच्या मुदतीशी ती जुळेलच असे नाही. |
| प्रायॉरिटी डेट – रांगेतील स्थान. ती संपत नाही, मात्र पाळी मागे जाऊ शकते. |

काळजी मनात कशी चालते

वरील यंत्रणा पाहिल्यावर काळजी वाटणे स्वाभाविक ठरते; पण ती तास न् तास का चालते आणि तिच्यातून बहुधा काहीच निष्पन्न का होत नाही, याचे उत्तर मानसशास्त्राकडे आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काळजीची केलेली व्याख्या अशी, की ती अनिश्चित निकालाच्या प्रश्नावर मनात चालणारी, नकोशा भावनेने भारलेली आणि आवरण्यास कठीण अशी विचारांची साखळी असते. प्रश्नाला उत्तर असेल तर साखळी उत्तरापाशी थांबते. ‘डेट कधी करंट होणार’ या प्रश्नाला आज उत्तर नाही, म्हणून मन तोच प्रश्न पुन्हा हाती घेते, आणि तसे करताना आपण काहीतरी करत आहोत असा आभासही निर्माण होतो. अर्जाची स्थिती दिवसातून अनेकदा तपासणे हे त्याचेच दृश्य रूप आहे.

अनिश्चितता स्वतःच त्रासदायक असते, याचा प्रयोगसिद्ध पुरावा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये दिला. संगणकाच्या पडद्यावरील दगडाखाली साप आहे की नाही हे स्वयंसेवकांनी ओळखायचे होते, आणि साप निघाल्यास हाताला विजेचा सौम्य पण वेदनादायक झटका बसत असे. घामाच्या आणि बुबुळांच्या मोजमापावरून असे दिसले, की झटका बसणारच हे नक्की असताना जेवढा ताण येत होता, त्याहून अधिक ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना येत होता. अर्ज फेटाळल्याची बातमी आल्यावर काही जणांना विचित्र मोकळेपणा जाणवतो, त्याचा उलगडा यातून होऊ शकतो.

दांपत्याच्या बाबतीत यात आणखी एक गुंता असतो. कंपनीच्या वकिलाचे पत्र, मंजुरीची बातमी, नोकरकपातीची कुणकुण या गोष्टी मूळ अर्जदाराकडे आधी येतात, तर कागद अडकल्याचे परिणाम जोडीदाराला अधिक भोगावे लागतात. माहिती एकाकडे आणि परिणाम दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी असते. त्यातून एकजण काळजी वाटू नये म्हणून बातमी दडवतो आणि दुसरा गप्प बसण्याचा अर्थ वाईटच लावतो. दोघांची काळजी मग एकमेकांच्या चेहऱ्यावरून वाढत जाते. बोर्कोवेक यांनी सुचवलेला उपाय साधा आहे: दिवसातील ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा आणि एरवी मनात आलेला विचार त्या वेळेवर ढकलायचा. दोघांनी तो अर्धा तास एकत्र, सगळे कागद समोर ठेवून घालवला, तर माहितीची ती विषम वाटणीही काही अंशी दूर होते.

त्या अर्ध्या तासात करण्याजोगी कामेही पुरेशी असतात. दर्जाच्या मुदतवाढीचा अर्ज सहा महिने आधी भरता येतो, आणि तो पहिल्याच आठवड्यात भरणे व शेवटच्या आठवड्यात भरणे यांत कामाच्या परवान्यात खंड पडण्या-न पडण्याचा फरक असू शकतो. जोडीदाराचे स्वतःचे शिक्षण आणि अनुभव पुरेसा असेल, तर त्याला किंवा तिला स्वतंत्र एच-१बीसाठी सोडतीत नाव घालता येते, आणि एच-४वर काढलेली वर्षे त्याच्या सहा वर्षांच्या मर्यादेत धरली जात नाहीत. दोघांच्या कंपन्यांनी स्वतंत्रपणे ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू केल्यास घरात दोन प्रायॉरिटी डेट येतात आणि ज्याची पाळी आधी येईल, त्याच्या आधाराने दुसऱ्यालाही कार्ड मिळते. अशा घरात एकाची नोकरी गेली, तर साठ दिवसांच्या आत दर्जा बदलण्याचा अर्ज करून त्याला दुसऱ्याच्या एच-१बीवरील एच-४ दर्जा मागता येतो, आणि पुढची नोकरी शोधण्यास साठ दिवसांहून कितीतरी अधिक अवधी मिळतो.